फॅक्स कातरीनं कापा

देवासला औद्योगिक वसाहतीच्या तोंडाशी माझा एसटीडी-आयएसडीचा बूथ होता. परदेशी फोन लावायला आलेली माणसं काचेच्या खोलीत शिरण्याआधी चपला बाहेर काढत. तशी पाटी मी कधी लावली नव्हती. आतली फरशी बाहेरच्यापेक्षा स्वच्छ होती असंही नाही. पण इंदूरला फोन करणारा माणूस चपलांसकट आत जायचा आणि अमेरिकेला करणारा अनवाणी. बायका पदर सारखा करत, पुरुष शर्टाचं वरचं बटण लावत. मला सुरुवातीला हसू यायचं. मग माझ्या भावाला त्याच्या कंपनीनं लंडनला पाठवलं. त्याच्याशी बोलायला मी माझ्याच बूथमध्ये शिरले, बोलून बाहेर आले आणि बघते तर माझ्या चपला दाराशी. त्यानंतर हसणं बंद केलं.

आम्ही मूळचे सोलापूरकडचे. ह्यांना इथल्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून आलो आणि इथलेच झालो. वसाहतीत अर्धी घरं अशीच महाराष्ट्रातून आलेली. बूथ काढायचं खूळ माझं. ह्यांना वाटलं होतं, बाई चार-सहा महिन्यांत दमेल. मी दमले नाही. हे निवृत्त होऊन घरी बसले तरी माझं शटर रोज सकाळी वर जातच होतं.

आता मुलं खिशातून फोन काढतात आणि जगात कुणाशीही बोलतात, म्हणून त्या धंद्याची थोडी माहिती द्यायला हवी. परदेशी फोन म्हणजे आधी दोन शून्यं, मग देश, मग गाव, मग घर, अशी अंकांची लांबलचक ओळ. ती पुरी व्हायच्या आत टेपवरची बाई म्हणायची, 'इस रूट की सभी लाइनें व्यस्त हैं.' ह्या बाईशी मी आयुष्यात जितकं भांडले तितकं सासूशीही नाही. लाइन लागली तरी खरी परीक्षा पुढे. आपला शब्द तिकडे पोचायला क्षणभर लागायचा आणि तिकडचा इकडे यायला तेवढाच. दोन्हीकडची माणसं एकदम 'ऐकू येतंय का' म्हणत आणि दोघांचंही बोलणं एकमेकांत अडकून पडे. म्हणून मी प्रत्येकाला आत पाठवण्याआधी शिकवायचे: बोला, थांबा, ऐका. किती जणांचे संसार ह्या तीन शब्दांनी सुधारले असतील, देव जाणे.

माणसं एकेक नग होती. सोनकच्छकडचे एक शेतकरी यायचे, त्यांचा मुलगा मस्कतला गाडी चालवायचा. मंडीत सोयाबीन टाकलं की बस पकडून थेट माझ्याकडे. "बाई, म्हारा छोरा से बात करई दो," म्हणायचे. मी लावून द्यायचे. आत उभे राहून ते नुसते 'हां... हां...' करत आणि बाहेर येत. एकदा मी विचारलं, "काय म्हणाला मुलगा?"

"बोल्यो तो कंई नी, बाई," ते म्हणाले, "पण अवाज अच्छो थो."

मांडू बघून भोपाळकडे निघालेली एक परदेशी मुलगी एकदा पोट बिघडल्यामुळे देवासला उतरली होती. तिनं आईला फोन लावला, दोनच वाक्यं बोलली आणि माझ्या बाकावर बसून रडायला लागली. मला तिची भाषा येत नव्हती. मी घरून दहीभात आणला. तो तिनं चमच्यानं चाटूनपुसून खाल्ला आणि पुन्हा आईला फोन लावून, बहुधा, दहीभाताबद्दल सांगितलं.

फॅक्सचं यंत्र मी नंतर घेतलं. कारखान्यांची चिठ्ठीचपाटी त्यावर चाले. कागद एका बाजूनं आत घालायचा, यंत्र शिट्टी मारतं, कागद वाचत वाचत दुसऱ्या बाजूनं बाहेर सोडतं आणि तिकडच्या यंत्रात त्याची नक्कल उमटते. हे लोकांच्या गळी उतरवणं फार अवघड. एका काकांनी माझ्याशी वाद घातला होता, "अहो, कागद तर माझ्या हातात परत आला. मग गेलं काय?" तिकडे नक्कल उमटायची ती गुंडाळीच्या गुळगुळीत कागदावर. तो कागद उष्णतेनं काळा होणारा, त्यामुळे अक्षरं काही वर्षांत उडून जात. गुंडाळीतून बाहेर आलेला तुकडा यंत्राच्या दातेरी पट्टीवर हातानं फाडून घ्यावा लागे. एवढं लक्षात ठेवा, कारण मला जी गोष्ट सांगायची आहे ती ह्या फाडण्यावरच उभी आहे.

सुहास आणि वृंदा आमच्या गल्लीत राहायचे. सुहासचा कारखाना तेलगिरणीची यंत्रं बनवायचा. यंत्र विकलं की ते तिकडे जाऊन उभं करून द्यायला एक माणूस लागतो, तो माणूस सुहास. मूळ घर धारला. संस्थानच्या काळात त्यांच्याकडे कारकुनीपासून दिवाणी कामापर्यंत सगळं होऊन गेलेलं. आता तिथे फक्त त्याची आई होती, माई. नऊवारी, ताठ मान, आणि पन्नास वर्षांपूर्वीचं मराठी. आम्ही हिंदीत घोळलेलं मराठी बोलायला लागलो की त्या डोळे बारीक करून ऐकत.

वृंदाचं एक बाळ आदल्या वर्षी सातव्या महिन्यात गेलं होतं. आता पुन्हा दिवस राहिले होते. तिला आई नव्हती, म्हणून बाळंतपणाला माईच धारहून देवासला आल्या. त्यात सुहासला टांझानियाला जायचं आलं. तो नाही म्हणत होता, पण बाळंतपणाच्या आधी परत येता येईल असा हिशेब होता आणि वृंदाच म्हणाली, जाऊन या. जाताना तो मला तिकडच्या गिरणीचा फोन आणि फॅक्सचा नंबर देऊन गेला. "काकू, काही असलं तर तुम्हीच कळवा," म्हणाला.

बाळानं आईबापांचा हिशेब मानला नाही. वृंदाला अचानक नर्सिंग होमला न्यावं लागलं, सिझेरियन झालं आणि मुलगी झाली. दोघी सुखरूप. मी लगेच टांझानियाला फोन लावायला घेतला, पण तिकडे सुट्टी होती, गिरणीत फोन उचलायला कुणी नव्हतं. फॅक्सला मात्र माणूस लागत नाही, यंत्र आपलं आपण घेतं. माई म्हणाल्या, "उत्तम. असं वर्तमान पत्रानंच कळवावं." माझ्या बाकावर बसून त्यांनी बोरूनं लिहावं तशा वळणदार अक्षरात पत्र लिहिलं. वर श्री, मग 'चिरंजीव सुहास यास अनेक उत्तम आशीर्वाद'. आणि लिहून झाल्यावर कनवटीची देवीच्या कुंकवाची डबी काढून, बोट ओलं करून, चारही कोपऱ्यांना कुंकू लावलं. शुभ पत्राला कुंकू हवंच. मी म्हटलं, "माई, वाळू द्या हं." त्यांनी फुंकर घातली. वाळलं असं दोघींनाही वाटलं. कागद आत गेला, शिट्टी वाजली, यंत्रानं पोचल्याची पावती दिली. माईंनी मला पेढा भरवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी एका कारखान्याचा फॅक्स पाठवला तर त्यावर उभा काळा पट्टा. यंत्र उघडलं. आतल्या काचेवर कुंकू फासलेलं. मी कापसानं पुसत होते आणि माझ्या मनात येत होतं की म्हणजे कालचं पत्रही असंच गेलं असणार. तेवढ्यात फोन वाजला.

"बेन, देवास से बोल रही हैं आप?" आवाज गुजराती वळणाचा. गिरणीचे मालक वेलजीभाई. त्यांच्या तीन पिढ्या आफ्रिकेत गेलेल्या. "आपका फॅक्स मिला. आपके इंजिनियर ने कागज देखा और सामान बांध लिया. बोलता है, घर में मौत हुई है. पढ़ा तो कुछ जाता नहीं, सब काला है. कौन गया, बेन?"

"कुणी गेलं नाही हो!" मी मराठीतच ओरडले. "मुलगी झाली! लड़की हुई है!"

त्यांनी सुहासला फोन दिला. त्याचा आवाज इतका सपाट होता की मी ओळखलाच नाही.

"काकू, अक्षर माईचं आहे. वर श्री आहे. खाली काही लागत नाही. आणि कोपरा फाडलाय."

तरुण वाचकांना हे समजावून सांगायला हवं. आपल्याकडे मरणाचं पत्र कोपरा फाडून टाकत. असं कार्ड आलं की न वाचताही कळायचं. ते उंबऱ्याच्या आत आणत नसत. धारच्या घरी माई ते अंगणातच उभ्यानं वाचत, तिथेच फाडत आणि आंघोळीला जात. सुहासनं लहानपणापासून हे पाहिलेलं. त्याच्या हातात आता आईच्या अक्षरातला, काळवंडलेला, कोपरा नसलेला कागद होता.

"अरे, सुहास, ऐक," मी म्हटलं. "मुलगी झाली. वृंदा उत्तम आहे. काही काळजी करू नकोस."

माझे शब्द तिकडे जाऊन पोचेपर्यंत नुसती खरखर. मग तो म्हणाला, "वडिलांच्या, अण्णांच्या वेळी मी इंदूरला होस्टेलवर होतो, काकू. तेव्हा माईनं निरोप धाडला होता, अण्णांना जरा बरं नाही, काळजी करू नकोस, येऊन जा. मी पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं." पुढे म्हणाला, "वृंदाला फोनवर बोलवा."

"ती नर्सिंग होममध्ये पहिल्या मजल्यावर, फोन खाली गल्ल्यावर. सिझेरियन आहे रे. तिला उतरता येत नाही."

"बरं," तो म्हणाला. "मी निघतो."

ते 'बरं' मला अजून ऐकू येतं. इतकी वर्षं मी लोकांचे फोन लावून दिले होते. काचेतून ऐकू येत नाही असं लोक समजत, पण सगळं ऐकू येई. फोनवर कुणी मरत नाही. फोनवर सगळे 'जरा सीरियस' असतात. 'सगळं ठीक आहे, तू फक्त ये,' हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलं होतं आणि ते म्हणणारी माणसं बाहेर येऊन माझ्यासमोर भिंतीला डोकं टेकून रडली होती. आता मी खरं बोलत होते आणि माझ्याजवळ खरं सांगायला दुसरे शब्दच नव्हते. मी जितकं समजावलं असतं तितकी वृंदा त्याच्यासाठी मेली असती. आणि बायको गेली असं धरून तो पोर एकटा, बसनं, मग विमानानं, मग दुसऱ्या विमानानं, घरी येणार होता.

वेलजीभाईंनी फोन परत घेतला. "बस दोपहर को है, बेन. मैं रोकता हूं. पर जवान आदमी है, कब तक रुकेगा?"

भर सकाळी मी शटर खाली ओढलं. असं मी एरवी कधी केलं नव्हतं. लुना काढली आणि नर्सिंग होम गाठलं.

माई व्हरांड्यातल्या बाकावर बसल्या होत्या. मी सांगितलं. आधी त्यांना संताप आला. "कोपरा फाडला? माझ्या पत्राचा?" मग अर्थ ध्यानात आला. त्यांचा चेहरा मला बघवेना. मी म्हटलं, "माई, वृंदाला मात्र कळू देऊ नका हं, ओली बाळंतीण आहे."

"तिलाच सांगायचं," माई म्हणाल्या. "नवरा तिचा आहे."

आणि मग जिना चढता चढता ह्या बाईनं मला प्रश्न विचारायला सुरुवात केली. तुमच्या यंत्राला लाल दिसतं का? काळं दिसतं? ओलं का चालत नाही? तेलकट चालेल का? तिकडे कागद कोण फाडतं? हातानंच फाडावा लागतो की कापता येतो? मी बूथ चालवत होते, पण असे नेमके प्रश्न मला आजवर एकाही गिऱ्हाइकानं विचारले नव्हते. आयुष्यभर देवघर आणि स्वयंपाकघर ह्यात वावरलेल्या त्या बाईनं पहिला मजला येईपर्यंत फॅक्स समजून घेतला होता.

वृंदानं ऐकलं आणि ती हसली. टाके दुखले म्हणून कळवळली, मग रडली. मग म्हणाली, "पेन द्या." माईंनी तिला दटावलं, "मोठं लिही. मधोमध. कोपऱ्यांकडे जाऊ नकोस." तिनं उशीवर पाटी ठेवून लिहिलं. ते पत्र मला पाठ आहे:

'मुलगी झाली. नाक तुमच्यावर गेलंय, इलाज नाही. मला हसले तरी दुखतं, तेव्हा आल्यावर हसवू नका. आणि कपाटाची किल्ली तुम्ही बरोबर घेऊन गेला आहात. बाळाची सगळी दुपटी आत अडकली. माईंनी स्वतःचं लुगडं फाडून लेकीला गुंडाळलं. खिसे बघा.'

मी वाचलं आणि मला हायसं वाटलं. सांत्वनाची पत्रं कुणीही लिहील, पण मेलेल्या बायकोच्या नावानं किल्लीवरून भांडण कोण काढेल?

तरी माईंचं समाधान झालं नव्हतं. त्यांनी घरी धरलेल्या काजळाची डबी उघडली. तान्ह्या बाळाचं पाऊल हातात घेतलं, अंगठ्यानं तळव्याला काजळ चोळलं आणि पत्राच्या खाली अलगद टेकवलं. पाच बोटं, छोटीशी टाच, सगळं उमटलं. काजळ तेलकट, म्हणून त्यावर बाळाची पावडर भुरभुरवली, जरा थांबल्या, झटकली, आणि बोट फिरवून बघितलं. बोटाला काही लागलं नाही. "आता न्या," म्हणाल्या. मग लगेच, "नको. मीच येते."

तर नऊवारीतल्या माई लुनावर माझ्यामागे एका बाजूला पाय सोडून बसल्या. पत्र एक्स-रेच्या पाकिटात घालून छातीशी धरलेलं. स्टेशन रोडवर एक ओळखीचा रिक्षावाला ओरडला, "क्या बात है आंटी, अम्मा को घुमाने निकलीं?" माईंनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

बूथवर येऊन मी टांझानिया लावायला घेतलं. टेपवरची बाई व्यस्त होती. पुन्हा व्यस्त होती. माई बाकावर डोळे मिटून बसल्या होत्या, ओठ हलत होते. अखेर वेलजीभाईंचा आवाज आला. सुहासची बॅग दाराशी होती. मी म्हटलं, "सेठजी, अब दूसरा कागज आएगा. हाथ से मत फाड़ना. पूरा बाहर आने देना, और ज्यादा छोड़ के कैंची से काटना. कोना सलामत रहना चाहिए."

  ते हळू आवाजात म्हणाले, "फाड़ा तो मैंने ही था, बेन. अब समझा. मेरी दादी होती तो मेरा हाथ तोड़ देती."

काच मी पुन्हा पुसली. माईंनी ती स्वतः वाकून बघितली आणि मगच मला परवानगी दिली. पत्र आत गेलं. यंत्रानं शिट्टी मारली आणि कागद हळूहळू बाहेर सरकला, आधी मुलगी, मग नाक, मग किल्ली, शेवटी पाऊल. पावती आली. मग आम्ही दोघी त्या फोनकडे बघत बसलो. एक गिऱ्हाईक आलं, त्याला मी हातानंच परत पाठवलं. माझ्या आयुष्यात मी फोनची इतकी वाट कधी पाहिली नाही, आणि फोनची वाट पाहणं हाच माझा धंदा होता.

वाजला. मी उचलला.

"काकू," सुहास म्हणाला, "किल्ली खिशात आहे."

 तो हुंदके देऊन रडत होता आणि मागे वेलजीभाई कुणाला तरी मोठमोठ्यानं चहा आणायला सांगत होते. मीही रडत होते, त्यामुळे माझा काही उपयोग नव्हता. माईंनी माझ्या हातून रिसीव्हर घेतला. चपला त्यांनी कधीच दाराशी काढून ठेवल्या होत्या.

"बाळ, रडतोस कशाला? लेक झाली आहे," त्या म्हणाल्या, आणि थांबल्या, आणि ऐकलं. न सांगता. "तिची प्रकृती उत्तम. तुझं काम पुरं करून ये, अर्धं टाकून येऊ नये. आणि ती किल्ली हरवू नकोस."

रिसीव्हर त्यांनी उलटा ठेवला आणि पदरानं डोळे पुसले. सुहासनं गिरणी चालू करून दिली आणि मगच तो आला. वेलजीभाईंनी मुलीसाठी चांदीचे पैंजण पाठवले होते. मुलीचं नाव शर्वरी ठेवलं. माई मग नातीपाशी देवासलाच राहिल्या.

त्यानंतर सुहास किती देश हिंडला ह्याचा हिशेब त्याच्याकडेही नसेल. बांगलादेश, घाना, व्हिएतनाम. दोन हजारनंतर मी बूथमध्ये दोन कॉम्प्युटर घेतले, नेट लावलं. सुहासची मेल यायची ती इंग्रजी अक्षरांतल्या मराठीत. मी ती माईंना वाचून दाखवायचे आणि त्या उत्तर सांगायच्या, 'अनेक उत्तम आशीर्वाद'सकट. मग कॅमेरा आला. माई डोक्यावरून पदर घेऊन पडद्यासमोर बसत आणि मुलगा दिसला की आधी त्याच्या पाठीमागची खोली नीट बघून घेत. "अंथरूण आवरलेलं नाही," हे त्यांचं पहिलं वाक्य असे. चॅट, डाउनलोड, सगळे शब्द त्यांनी उचलले. जुनी वळणं न सोडता नवं शिकायला काय लागतं ते मी ह्या बाईत पाहिलं. वसाहतीतल्या इंजिनिअरांनाही त्यांच्याइतकं कुतूहल नव्हतं, हे मी त्यांच्या तोंडावर सांगत असे.

मग मोबाइल आले आणि माझी काचेची खोली रिकामी पडू लागली. चपला काढायला कुणी उरलं नाही. वाईट वाटलं का? वाटलं. माणसं आता येता-जाता, भाजी घेता घेता परदेशी बोलतात, ते चांगलंच आहे. पण शर्टाचं वरचं बटण लावून आवाज ऐकायला येणारी ती माणसं मला आवडायची. बूथ बंद करायचं ठरलं. फॅक्सचं यंत्र भंगारवाला घेऊन जाणार होता, त्याच आठवड्यात सुहासचा फोन आला, माझ्या मोबाइलवर. तो ब्राझीलला होता.

"काकू, यंत्र अजून आहे ना? मग एक काम करा. माझं पाऊल उडालं."

मला काही कळेना. मग त्यानं सांगितलं. टांझानियात मिळालेला तो फॅक्स तो प्रत्येक प्रवासात पासपोर्टच्या कव्हरमध्ये ठेवायचा. गुंडाळीचा कागद तो, अक्षरं दर वर्षी फिकी होत गेली होती. ह्या खेपेला उघडून पाहिलं तर कागद पूर्ण कोरा. "मूळ कागद माईकडे असेल. पुन्हा पाठवाल?"

"स्कॅन करून मेल करते की," मी म्हटलं.

"नको. फॅक्सच करा."

मूळ कागद माईंकडे होताच. पोथीच्या फडक्यात गुंडाळून ठेवलेला. तो घेऊन माई आल्या, आता काठी टेकत, आणि बरोबर शर्वरी. ती इंदूरच्या शाळेत हिंदीतून शिकणारी, आजीचं मराठी समजणारी पण वाचताना अडखळणारी. तिनं पत्र हातात घेऊन अक्षर अक्षर लावत वाचलं. "'नाक तुमच्यावर गेलंय, इलाज नाही.' आजी, ये मम्मी ने लिखा?" मग तिनं चप्पल काढली, खालचं ते पाऊल बघितलं, आपलं बघितलं, आणि चप्पल पुन्हा घातली.

माईंनी कनवटीची डबी काढली. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आज घाई नाही. वाळेपर्यंत बसू." चारही कोपऱ्यांना कुंकू लावलं आणि आम्ही तिघी खरोखरच वाळेपर्यंत बसलो. मी चहा केला. माईंनी बोट फिरवून खात्री केली. मग मी कागद आत घातला आणि यंत्रानं शेवटची शिट्टी मारली.

थोड्या वेळानं मोबाइल वाजला. मी सगळ्यांना ऐकू यावं म्हणून स्पीकर लावला.

"आला, काकू. स्वच्छ आलाय. चारही कोपरे शाबूत आहेत. कुंकूसुद्धा आहे, काळं."

माई मोबाइलकडे वाकल्या. "कातरीनं कापलास ना?"

हॉटेलांतल्या नव्या यंत्रांतून आता कापलेलेच कागद निघतात, हे मला ठाऊक होतं आणि त्यालाही. आवाज इकडे यायला आता वेळ लागत नाही. तरी सुहास क्षणभर थांबला.

"हो माई," तो म्हणाला. "कातरीनंच."